होडी उठत नसेल तर आधी इंजिनाला दोष देऊ नका

रत्नागिरीच्या राजिवड्याचा एक तरुण दहा वर्षे आखातात राबून परत आला आणि साठवलेल्या पैशांतून त्याने सोळा फुटी फायबरची होडी व २५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन घेतले. भाट्याच्या खाडीतून बाहेर पडायचे, आठ सागरी मैलांवर जाळी टाकायची आणि लिलाव आटोपण्यापूर्वी माल घेऊन परतायचे, असा त्याचा बेत होता. हंगामाचे दोन महिने गेल्यावर तो आमच्याकडे आला तो हिशेबाची वही घेऊनच. मासळी मिळत होती, पण पेट्रोलच सगळे खाऊन टाकत होते. "पूर्ण रेस दिली तरी होडी उठतच नाही. नाळ आभाळाकडे, पाठ पाण्यात, आणि वेग नऊ नॉटच्या वर जात नाही," हे त्याचे गाऱ्हाणे. इंजिन विकणाऱ्याने त्याला ४० अश्वशक्तीचे इंजिन घेण्याचा सल्ला दिला होता. त्यासाठी पत्नीचे दागिने मोडायचे त्याने जवळजवळ नक्की केले होते.

आम्ही त्याला आठ दिवस थांबायला सांगितले. आम्ही काही यंत्राचे पंडित नाही, परंतु बंदरावरचे एक वयस्कर मिस्त्री आमच्या परिचयाचे आहेत. आऊटबोर्ड इंजिने उघडण्यात आणि जोडण्यात त्यांची हयात गेली आहे. त्यांना सोबत घेऊन आम्ही त्या होडीवर गेलो. तेथे जे पाहिले आणि शिकलो ते किनाऱ्यावरील आमच्या वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहोत. लहान होडी मासेमारीची असो की पर्यटकांना डॉल्फिन दाखविण्याची, गणित तेच आहे.

होडी 'उठणे' म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. हळू चालणारी होडी आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढला की ती स्वतःच एक लाट तयार करते आणि ही लाट लांबत जाते. लाटेची लांबी होडीपेक्षा जास्त होऊ लागली की नाळ लाटेच्या माथ्यावर आणि पाठ खळग्यात, अशी अवस्था होते. म्हणजे होडी स्वतःच उभ्या केलेल्या टेकडीवर चढू पाहत असते. सोळा फुटी होडीच्या बाबतीत ही वेळ पाच नॉटच्या आसपास येते. येथून पुढे पेट्रोल भरमसाट जळते आणि वेग मात्र थोडाच वाढतो. इंजिनात पुरेसा जोर असेल आणि होडीचा तळ मागे रुंद व सपाट असेल, तर ती ही टेकडी ओलांडते. मग तळ पाण्याला खाली दाबतो, पाणी होडीला वर उचलते आणि होडी पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत पळू लागते. यालाच प्लेनिंग म्हणतात. गंमत अशी की, एकदा होडी उठली की रेस थोडी कमी केली तरी ती खाली बसत नाही. सर्वांत जास्त पेट्रोल जळते ते ना खाली ना वर अशा अवस्थेत, आणि आपला तरुण दोन महिने रोज नेमका त्याच अवस्थेत होडी हाकत होता.

येथे एक इशारा दिला पाहिजे. शिडाच्या जुन्या घाटणीच्या, मागे निमुळत्या होत गेलेल्या होड्यांना केवढेही इंजिन लावले तरी त्या उठत नाहीत. त्या पाणी कापत जाण्यासाठी बांधलेल्या असतात आणि ते काम उत्तम करतात. अशा होडीवर मोठे इंजिन म्हणजे पैसे समुद्रात टाकणे. या तरुणाच्या होडीची पाठ मात्र रुंद व सपाट होती. मिस्त्रींनी तळाला कडेने दोरी ताणून पाहिली. तळाच्या मागच्या चार-पाच फुटांत खळगा पडलेला असेल तर नाळ पाण्यात दाबली जाते, आणि फुगवटा असेल तर होडी डुलते. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर दोनच टायरांवर ठेवली की असे दोष निर्माण होतात. येथे तळ सरळ निघाला. त्याला चिकटलेले शेवाळ आणि बारीक शिंपले तेवढे खरवडून काढावे लागले.

यानंतर मिस्त्रींनी जे केले त्याची आम्हाला अपेक्षा नव्हती. त्यांनी इंजिनाला हातही लावला नाही. होडीतले सगळे सामान उतरवून बर्फाच्या कारखान्यातल्या काट्यावर नेण्यास सांगितले. मग होडी वाळूवर नाळेकडून उंच ठेवून पाठीच्या फळीचे बूच काढले. फळ्यांखाली साठलेले पाणी गळू लागले ते थांबेचना. वीस लिटरच्या चार बादल्या भरल्या. म्हणजे ८० किलो वजन रोज फुकट समुद्राची सैर करून येत होते!

काट्यावरचा हिशेब असा निघाला. रिकामी होडी २६०, इंजिन ५३, पेट्रोलचे दोन कॅन ३७, बर्फ व पेटी ६०, ओली जाळी ८०, तीन माणसे २१०, नांगर, दोर व इतर सामान २५, आणि हे ८० किलो पाणी. एकूण ८०५ किलो. २५ अश्वशक्तीने भागले तर प्रत्येक अश्वशक्तीच्या वाट्याला ३२ किलो येतात. जाणकारांचा ढोबळ आडाखा असा की, अश्वशक्तीमागे २०-२२ किलो असतील तर होडी सहज उठते, २५-२७ पर्यंत सगळे नीट जुळवले तर उठते, आणि ३० च्या पुढे गेल्यास उठेल असा भरवसा धरू नये. विक्रेत्याचा सल्ला अगदीच खोटा नव्हता. परंतु हा भाग अश्वशक्ती वाढवून सुटतो तसा वजन कमी करूनही सुटतो, आणि वजन कमी करण्याला पैसे पडत नाहीत.

सर्वांत सोपा उपाय समोरच होता. तीनपैकी एक माणूस उतरवला की सत्तर किलो कमी. पण तो तिसरा माणूस म्हणजे तरुणाचा चुलत भाऊ. त्याच्या घरची चूल याच होडीवर पेटते. तरुण काही बोलला नाही, नुसता मिस्त्रींकडे पाहत राहिला. मिस्त्री म्हणाले, "त्याला राहू दे. त्याला बसवायची जागा मी सांगतो." मग दुसरीकडून काटछाट झाली. येण्याजाण्याला लागेल तेवढे आणि वर अडीअडचणीला पुरेसे राखीव असे सत्तावीस लिटर पेट्रोल ठेवले, म्हणजे २० किलो. बर्फ व पेटी ४० वर आणली. त्या हंगामात न लागणारे जाळे घरी ठेवून ६० किलोंची जाळी घेतली. नांगर-दोर वगैरे २० किलो. फळ्यांखालचे पाणी गेले. एकूण ६६३ किलो, म्हणजे अश्वशक्तीमागे साडेसव्वीस. काठावरची गोष्ट, पण आशा ठेवावी अशी.

वजन किती याइतकेच ते कोठे हे महत्त्वाचे. पेट्रोलचे दोन्ही कॅन, बर्फाची पेटी आणि दोन माणसे इंजिनाजवळच असत, कारण तेथे काम करणे सोयीचे. साहजिकच पाठ बुडे आणि नाळ वर जाई. मिस्त्रींनी कॅन आणि पेटी होडीच्या मध्याच्या थोडी पुढे बांधून टाकली आणि चुलत भावाला निघताना पुढच्या फळीवर बसण्यास सांगितले. होडी उठली की त्याने मध्यावर यावे. कॅन बांधून टाकणे हे शोभेसाठी नव्हे. लाटेवर घसरून सगळे वजन एका बाजूला गेले तर लहान होडी उलटायला वेळ लागत नाही.

आता पाळी आली इंजिनाच्या उंचीची. लहान आऊटबोर्ड इंजिने मुख्यतः दोन मापांची येतात. एक पंधरा इंची फळीसाठी आणि दुसरे वीस इंची फळीसाठी. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. बाजारात तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. होडी सपाट जमिनीवर ठेवून तळाच्या रेषेत सरळ फळी धरली असता ही पट्टी तळाच्या बरोबरीने किंवा फार तर इंचभर वर असावी. या होडीचे इंजिन वीस इंची आणि मागची फळी मात्र साडेअठरा इंच! पट्टी तळाच्या दीड इंच खाली होती. म्हणजे इंजिनाचा पाय पाण्यात नांगरासारखा ओढला जात होता. मिस्त्रींनी फळीच्या माथ्यावर दीड इंच जाडीची सागवानी पट्टी पक्की केली, इंजिन वर घेतले आणि नुसत्या पकडीच्या स्क्रूवर विश्वास न ठेवता आरपार बोल्ट मारले. जुनी भोके सीलंटने बुजवली. ती तशीच ठेवली तर फायबरच्या आतले प्लायवूड कुजते आणि एके दिवशी इंजिन फळीसकट समुद्रात जाते. इंजिनाला साखळीही बांधली.

यातही अति करून चालत नाही. इंजिन फार वर घेतले तर पंखा हवा ओढू लागतो. वळणावर इंजिन एकाएकी किंचाळते आणि होडीचा जोर मात्र जातो. असे झाले तर अर्धा इंच खाली उतरवावे.

इंजिनाच्या पकडीत भोकांची एक ओळ असते आणि त्यांतून आडवा दांडा घालतात. दांडा फळीपासून लांबच्या भोकात असला की इंजिनाचा पाय मागे ढकलला जातो आणि नाळ वर उचलते. जवळच्या भोकात असला की नाळ खाली येते. येथे दांडा सर्वांत बाहेरच्या भोकात होता. "होडी उठत नाही म्हणून नाळ वर करायला तो तिथे घातला," असे तरुण म्हणाला. समजूत अगदी उलटी. उठण्यासाठी नाळ वर नव्हे, पाठ वर यायला हवी. मिस्त्रींनी दांडा सर्वांत आतल्या भोकात घातला.

शेवटी पंख्याकडे लक्ष गेले. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा आणि दुसरा पिचचा. पिच म्हणजे लोण्यात स्क्रू फिरवावा तसा एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे जाईल ते माप. या पंख्याचे पिच १२ होते. मोठ्या पिचचा पंखा म्हणजे जास्त वेग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती हलक्या होडीला लागू पडते. भरलेल्या होडीला मोठे पिच म्हणजे चढावर चौथ्या गिअरमध्ये ट्रक चालविणे. मिस्त्रींनी स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचे, फेरे मोजणारे एक स्वस्त मीटर जोडले. पूर्ण रेसवर इंजिनाने मिनिटाला ५००० ते ६००० फेरे घ्यावेत असे इंजिनाच्या पुस्तकात लिहिले होते. प्रत्यक्षात ते ४६०० घेत होते. अशा दबलेल्या अवस्थेत सतत चालवलेल्या इंजिनात कार्बन साठतो, पिस्टन तापतो आणि इंजिनाचे आयुष्य घटते. सर्वसाधारणपणे पिच एक इंचाने कमी केले की दीडशे-दोनशे फेरे वाढतात. म्हणून १० पिचचा पंखा मागवला.

आणखी एक खूण मिस्त्रींनी दाखविली. पंख्याच्या मध्यभागी रबर असते. ते जुने झाले की दांडा फिरतो आणि पंखा मागे राहतो. इंजिन आवाज करते, होडी ढिम्म. शंका असल्यास आतल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत एक सरळ रेघ ओढावी आणि फेरी मारून यावी. रेघेचे दोन तुकडे झाले असले तर रबर सुटले आहे असे समजावे.

एका सकाळी वारा पडलेला असताना आम्ही चाचणीसाठी बाहेर पडलो. मिस्त्री इंजिनावर आणि आम्ही मोबाइलवर वेग पाहत मध्ये. तरुणाला खाडीतच रेस द्यायची घाई झाली होती. मिस्त्रींनी त्याला थांबविले. आजूबाजूला होड्या असताना वेगाची परीक्षा घ्यायची नसते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाच्या चाचणीच्या वेळी ताबा सुटून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि अनेकांचे प्राण गेले, हे वाचकांना आठवत असेलच. मोकळ्या पाण्यात आल्यावर लाइफ जॅकेटचे बंद आवळून आणि इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला अडकवूनच मिस्त्रींनी रेस दिली. चालविणारा पाण्यात पडला तर ही दोरी निघते आणि इंजिन बंद पडते. ती न अडकवता इंजिनावर टांगून ठेवण्याची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. चालकाविना गोल फिरत राहिलेल्या होडीचा पंखा पाण्यातल्या माणसावरच येतो, याचा विचार कोणी करीत नाही.

नाळ वर गेली. एक, दोन, तीन... आम्ही मनात मोजत होतो. नऊ आकडे झाल्यावर नाळ खाली येऊ लागली, मागचा फेस सपाट झाला आणि तळाखाली पाण्याची थडथड ऐकू येऊ लागली. मोबाइलवर तेरा, मग चौदा नॉट. पण तुषार फार उडत होते आणि होडी नाकाने पाणी नांगरत असल्यासारखी वाटत होती. थांबून दांडा एक भोक बाहेर घेतला. आता १६ नॉट, मीटरवर ५३०० फेरे. हौसेखातर तिसरे भोकही करून पाहिले. तेव्हा होडी डॉल्फिनसारखी नाक वर-खाली करीत उड्या मारू लागली. पुन्हा दुसऱ्या भोकावर आलो आणि तेच कायम केले.

वाचकांपैकी कोणाला पडताळा घ्यायचा असेल तर हिशेब असा. या इंजिनाचा दांडा २.०८ फेरे घेतो तेव्हा पंख्याचा एक फेरा होतो. ५३०० ला २.०८ ने भागून १० इंचांनी गुणले की मिनिटाला साधारण २५,५०० इंच, म्हणजे तासाला २१ सागरी मैल होतात. पाणी काही लोणी नव्हे, त्यामुळे पंखा थोडा घसरतो. २१ च्या जागी १६ मिळाले म्हणजे घसर चोवीस टक्क्यांच्या आसपास. भरलेल्या होडीला हे वाईट नाही. पूर्वीच्या स्थितीत हाच हिशेब केला तर पंखा जवळजवळ बावीसचे काम करीत होता आणि होडी नऊने जात होती. निम्म्याहून अधिक कष्ट पाण्यातच विरत होते.

एक दोष मात्र राहिला होता. होडी उजवीकडे ओढत होती आणि मूठ धरून हात अवघडत होता. कॅव्हिटेशन प्लेटच्या खाली माशाच्या शेपटीसारखा एक लहान तुकडा असतो. होडी ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला या तुकड्याचे मागचे टोक थोडे वळवावे. बोल्ट सैल करून टोक उजवीकडे सरकवले आणि ओढ गेली. या तुकड्याला रंग लावू नये. बहुतेक इंजिनांत तो झिजण्यासाठीच बसवलेला असतो, म्हणजे खारे पाणी इंजिनाच्या पायाऐवजी त्याला खाते.

परतीच्या वाटेवर भाट्याच्या मुखाशी मिस्त्रींनी वेग एकदम कमी केला आणि पुढे बसलेल्या भावाला मागे बोलावले. तेथे साचलेल्या गाळावर लाटा फुटतात. मागून येणाऱ्या लाटेच्या उतारावरून उठलेली होडी वेगाने खाली गेली तर नाळ पुढच्या लाटेत घुसते आणि होडी आडवी फिरते. म्हणून पुढच्या लाटेच्या पाठीवर, तिच्याच वेगाने चालायचे, तिला ओलांडायचे नाही. निघताना नाळ जड हवी आणि आत येताना हलकी. ज्याला उतरवायचे घाटत होते तो तिसरा माणूस दोन्ही वेळी कामी आला.

आता पैशाकडे येऊ. २५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण रेसवर ढोबळमानाने तासाला दहा लिटर पेट्रोल घेते. जाऊन-येऊन १६ सागरी मैल नऊ नॉटने केले तर पावणेदोन तासांहून थोडा अधिक वेळ आणि जवळजवळ अठरा लिटर पेट्रोल लागते. सोळा नॉटने एक तास आणि दहा लिटर. रोजचे सुमारे आठ लिटर वाचले. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर आहे. महिन्यात वीस दिवस धरले तर सोळा हजारांची गोष्ट झाली. मासळी भरपूर मिळालेल्या दिवशी परतीला होडी उठणार नाही, तेव्हा हा आकडा थोडा कमीच धरावा. त्या दिवशी उठविण्याचा हट्टही करू नये. पाच नॉटने निवांत यावे, त्यात पेट्रोल कमीच जळते. ना इकडे ना तिकडे असा नऊ नॉटचा वेग तेवढा टाळावा.

मग ४० चे इंजिन घेऊच नये काय? रोजच चार माणसे आणि मोठी जाळी न्यायची असतील तर घ्यावे. परंतु मागच्या फळीला ते पेलते का, हे होडी बांधणाऱ्याला विचारून घ्यावे. ते इंजिन अंदाजे वीस किलोंनी जड असते आणि हे वजन नेमके पाठीवरच येते. फोर-स्ट्रोक घेतल्यास पेट्रोल वाचते, धूर कमी होतो, पण वजन आणखी वाढते. नोंदणीच्या कागदांत अश्वशक्ती बदलून घेणेही विसरू नये. विम्याच्या वेळी तेच पाहतात.

तरुणाने परवा निरोप पाठविला. मिस्त्रींची मजुरी, सागवानी पट्टी, मीटर आणि पंखा यांचा सगळा खर्च पहिल्या महिन्याच्या पेट्रोलातून निघाला. दागिने कपाटातच आहेत. दर आठवड्याला तो बोल्ट आवळतो आणि किनाऱ्याला आल्यावर बूच काढून पाणी सोडतो. बारा पिचचा जुना पंखा त्याने विकलेला नाही. पाना आणि जादा पिनांसह तो पुढच्या फळीखाली बांधून ठेवला आहे, कारण गाळात पंखा केव्हा तुटेल याचा नेम नाही, आणि नऊ नॉटने का होईना, घरी तर येता येईल.